क्लबसाठी केलेले रॅप गाणे, पाहुण्या गायिकेचा हुक आणि माझी दुसरी व्हर्स : काय ठेवावे, काय कापावे?

पूर्वविभागी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व विभागात राहतो आणि स्वतःच्या खर्चाने रॅपची गाणी करतो. मागे कोणतीही संगीत कंपनी नाही. रेकॉर्डिंगपासून व्हिडिओपर्यंत जे काही होते ते पगारातून वाचवलेल्या पैशांत होते. आजवरची माझी गाणी रात्री गच्चीवर हेडफोन लावून ऐकावीत अशी होती. या वेळी पहिल्यांदाच मुद्दाम क्लबमध्ये वाजावे आणि लोकांनी नाचावे असे गाणे केले असून त्यात पुण्याच्या एका गायिकेला पाहुणी म्हणून घेतले आहे. गाणे तयार झाले असे मी धरून चाललो होतो, परंतु गेल्या पंधरवड्यात ते तीन ठिकाणी ऐकवले आणि तिन्ही ठिकाणी निराळीच अडचण निघाली.

गाण्याचा वेग मिनिटाला ९६ ठोके आहे. सुरुवातीला माझे सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके), मग तिचा आठ बारांचा हुक (पुन्हा पुन्हा येणारे धृपद), पुन्हा माझे सोळा बार, हुक, तिचे स्वतःचे आठ बार आणि शेवटी हुक, अशी मांडणी आहे. एकूण लांबी २ मिनिटे ४० सेकंद भरते. माझी दुसरी व्हर्स (रॅपचे दुसरे कडवे) आजोबांच्या यंत्रमागावर आहे आणि मी आजवर लिहिलेल्यांत ती मला सर्वांत चांगली वाटते.

पुण्यातील एका ओळखीच्या डीजेने सांगितले की गाण्यात पहिल्या सेकंदापासून शब्द सुरू होतात, त्यामुळे आधीच्या गाण्यातून यात शिरायला जागाच उरत नाही. आमच्या नात्यातील एका हळदीला डॉल्बीवर ते लावून पाहिले, तेव्हा बेस नुसता घुमला आणि माझा एकही शब्द कोणाला कळला नाही. तिचा हुक मात्र दुसऱ्या वेळेपासून लहान मुलेही म्हणू लागली. तिसरी अडचण खुद्द पाहुणीची आहे. तिचा आवाज ४० सेकंदांनंतर येतो, तो अगदी सुरुवातीला यावा असे तिचे म्हणणे आहे. तसे केले तर गाणे तिचे होईल आणि मीच त्यात पाहुणा ठरेन, असे माझे मित्र म्हणतात.

हुक पुढे आणावा का? दुसरी व्हर्स कापावी का? आणि तिच्याशी लेखी काही करावे लागते का? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

सबवूफर

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. ९६ च्या वेगाला एक बार अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बारांना ४० सेकंद लागतात. हेडफोन लावून बसलेला माणूस तेवढा वेळ तुमचे म्हणणे ऐकून घेईल, पण नाचायला उभा राहिलेला माणूस तोवर पाणी प्यायला निघून जातो. मी अकरा वर्षे लग्नांत आणि काही काळ पुण्याच्या क्लबमध्ये गाणी लावली आहेत. पहिल्या २० सेकंदांत ज्या गाण्याची खूण पटत नाही, ते लावायला हात धजत नाही. हुक पुढे आणा.

त्या डीजेची तक्रारही रास्त आहे, परंतु ती वेगळ्या प्रतीने सुटते. त्याच्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी आठ-आठ बार नुसत्या ड्रमचे ठेवून दुसरी प्रत काढा, आणि ऑनलाइन प्रसिद्ध करायची प्रत थेट हुकपासून सुरू होऊ द्या. ही शब्दाविना जागा म्हणजे गाण्यातील भरताड नव्हे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत झालेल्या ज्या पार्टीपासून हिप हॉपचा जन्म मोजला जातो, तिथे डीजे कूल हर्कची करामत नेमकी याच जागेत होती. नाचणारे लोक गाण्यातील ड्रमच्या तुकड्याची वाट पाहत थांबतात हे हेरून, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत तो हा तुकडा लांबवत असे. माइकवर बोलणारा आला तो त्या ठेक्यावर, लोकांना नाचते ठेवण्यासाठी. क्लबसाठी लिहिणाऱ्या रॅपरने हा क्रम विसरू नये असे मला वाटते.

आता बेसबद्दल. (जाता जाता : आपण ज्या भिंतीएवढ्या स्पीकरांना डॉल्बी म्हणतो त्यांच्याशी त्या नावाच्या कंपनीचा संबंध नाही, टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे ती कंपनी प्रसिद्ध झाली, आणि आपल्याकडे तिचे नाव नेमके खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या गोष्टीला चिकटले.) तुमचा बेस ८०८ पद्धतीचा असणार, म्हणजे रोलँड कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या टीआर-८०८ या ड्रम यंत्राच्या लांबत जाणाऱ्या किकवरून (खर्जातल्या ढोलाच्या ठोक्यावरून) घेतलेला. तो सुरात वाजतो, आणि गाण्याची पट्टी जिथे असेल तिथे त्याला जावे लागते. पट्टी ‘एफ’ (पाश्चात्य पद्धतीतले स्वराचे नाव) असेल तर त्याचा मूळ स्वर ४४ हर्ट्झच्या आसपास पडतो. भाड्याने मिळणारे पुष्कळसे सबवूफर इतक्या खाली दमदार ठोका देऊ शकत नाहीत, नुसते घुमतात. तोच सूर ‘जी’वर नेला तर ४९ हर्ट्झ आणि ‘ए’वर नेला तर ५५ हर्ट्झ होतो, आणि तिथे तो छातीत बसतो.

म्हणून पट्टी वर सरकवता येते का ते पाहा. मात्र हा निर्णय तुमच्या आवाजावर नव्हे, तिच्या आवाजावर घ्यायचा आहे. रॅप करणाऱ्याला पट्टीचे बंधन जवळजवळ नसते; गाणारीला ते असते. पाहुणीला आधी तयार गाणे पाठवून ‘यावर गा’ म्हणणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. तिला कोणत्या सुरावर मोकळे गाता येते ते आधी विचारले असते, तर हुकही उजळला असता आणि बेसही जागेवर बसला असता.

राहिले तुमचे शब्द. व्यंजने ऐकू येतात ती साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली तिथेच सगळा कालवा होतो. त्यावर तुम्ही एका बारात पंधरा-सोळा अक्षरे कोंबत असाल तर कितीही चांगले मिक्स केले तरी ती कळणार नाहीत. अक्षरे कमी करा. ओळीच्या शेवटचा शब्द एकटा सोडा, त्याच्यामागे ठेका थांबू द्या. आवाज वाढवून हे सुटत नाही. ऑनलाइन प्रतीत तर मुळीच नाही, कारण स्पॉटिफायसारखी सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याच्या एककाच्या) पातळीवर आणून ठेवते आणि चेपून मोठे केलेले गाणे तिथे उलट मरगळलेले वाटते.

दुसऱ्या व्हर्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे. या गाण्यातून ती काढा.

होम_मैदान

वरील सर्व तांत्रिक माहिती मान्य, पण शेवटचे वाक्य मान्य नाही. यंत्रमागावरची व्हर्स काढली तर उरते काय? पुण्यातला कोणताही मुलगा करील असे एक नाचाचे गाणे. सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे फलक आपण लावतो. तो माग चालवणाऱ्या माणसाच्या नातवाने स्वतःच्या गाण्यात मागाचे नाव घेतले तर लोकांचे पाय थांबतील, हे मला पटत नाही. वरातीत हलगी कडाडते तेव्हा तिला एकही शब्द नसतो, आणि तरी ती कुठल्या गावची आहे ते कळते.

सबवूफर

आपलेच उदाहरण मी आपल्याला परत देतो. हलगीला शब्द नसतात! मग मागालाही शब्द कशाला हवेत? मागाचा आवाजच गाण्यात घ्या. मोबाइलवर नको, चांगल्या रेकॉर्डरवर घ्या. सोळा बार आजोबांची कहाणी सांगण्याऐवजी आठ बार माग चालू द्या आणि त्याखाली फक्त किक ठेवा. व्हर्सचे शब्द टाकून द्या असे मी म्हणालो नाही. त्यांना त्यांचे स्वतंत्र गाणे द्या, जे लोक बसून ऐकतील.

शाई_आणि_सही

मी वकील नाही. स्वतंत्र कलाकारांची गाणी वितरित करण्याच्या कामात करार वाचण्याचा सराव मात्र आहे. गायिकेशी काय लिहून घ्यावे हा प्रश्न तुम्ही विचारला आहे, पण त्याआधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. बीट (शब्दांमागे वाजणारे संगीत) कोणाची आहे?

पूर्वविभागी

ताई, बीट नेटवरून घेतली आहे. दोन हजार रुपये दिले आणि परवान्याचा कागद ईमेलवर आला. खरे सांगायचे तर तो मी पूर्ण वाचलेला नाही.

शाई_आणि_सही

तो आज वाचा, कारण वर सांगितलेल्या निम्म्या दुरुस्त्या त्याच कागदावर अवलंबून आहेत. या किमतीच्या बीट सहसा अनेकांना भाड्याने दिल्या जातात. मालकी निर्मात्याकडेच राहते आणि तीच बीट उद्या नागपूरच्या किंवा नैरोबीच्या रॅपरच्या गाण्यात ऐकू येऊ शकते. अशा परवान्यांत बहुधा किती वेळा गाणे ऐकले जाईल याची मर्यादा असते, आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (इतरांच्या व्हिडिओतले गाणे आपोआप ओळखून त्यावर दावा लावणाऱ्या व्यवस्थेत) गाणे नोंदवण्यास मनाई असते. वितरकाच्या (गाणे ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्याच्या) अर्जात कंटेंट आयडीची चौकट न वाचता टिचकी मारली, तर तुमच्या नावाने दुसऱ्याच्या गाण्यावर दावा लागतो आणि मग त्याचा वाद निस्तरत बसावे लागते. शिवाय तुमच्याकडे फक्त एकत्र केलेली एमपी३ आहे की किक, बेस, वाद्ये यांचे सुटे ट्रॅक आहेत, हेही पाहा. सुटे ट्रॅक नसतील तर पट्टी सरकवणे, ड्रमचे आठ बार वेगळे काढणे आणि मागाचा आवाज नीट बसवणे या तिन्ही गोष्टी अवघड होतात. वरचा फरक भरून सुट्या ट्रॅकचा परवाना घ्यावा लागला तरी घ्या. व्हिडिओवरचा खर्च त्यासाठी कमी झाला तर चालेल.

आता गायिकेकडे येते. हुकचे शब्द आणि चाल कोणी केली? तिने नुसते गायले असेल तर तिचा हक्क कलावंत म्हणून सादरीकरणावर आहे. शब्द किंवा चाल तिची असेल तर ती त्या भागाची लेखिका किंवा संगीतकार आहे, आणि हा फार मोठा फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मित्रामित्रांतल्या कागदांत ह्या दोनच गोष्टी हमखास राहून जातात, आणि गाणे तर पहिल्या दिवसापासून जगभर उपलब्ध असते. त्याखेरीज २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला मानधनाचा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, इतर कोणाच्या नावे सोडता येत नाही. त्यामुळे ‘एकदा पैसे दिले, आता सगळे माझे’ हे वाक्य कागदावर लिहिले तरी त्याला फारसे बळ नाही.

टक्केवारी जरूर ठरवा, पण तिच्यावर फार भांडू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत १,००० वेळासुद्धा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे मानधनच मिळत नाही. खरा पैसा आला तर तो कार्यक्रमांतून येईल. म्हणून कार्यक्रमाला ती आली तर किती, ती येऊ शकली नाही आणि तुम्ही तिचा रेकॉर्ड केलेला हुक वाजवला तर किती, हे आधी लिहा. श्रेयाचेही तसेच आहे. वितरकाच्या अर्जात तिला ‘फीचर्ड’ दाखवले तर गाणे तुमच्या पानावर मुख्य राहते आणि तिच्या पानावर इतरांच्या गाण्यांतील सहभाग म्हणून खाली दिसते. दोघांना मुख्य कलाकार दाखवले तर दोन्ही पानांवर सारखेच दिसते. हुक पुढे येणार असेल, तर तिने दुसरा पर्याय मागणे मला वावगे वाटत नाही. गाणे प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवता येते, त्यामुळे तारीख ठरवण्यापूर्वी सह्या होऊ द्या.

निवृत्त_बाई

मी हिप हॉपची जाणकार नाही. सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आणि आता नातू जे लावतो ते ऐकते. वरची चर्चा वाचताना मात्र मला एक गोष्ट खटकली. तुम्ही सगळ्यांनी वेग, पट्टी आणि कागद यांचा विचार केलात, पण हे गाणे कोणत्या मराठीत आहे हे कोणीच विचारले नाही. पूर्वविभागी, आपली व्हर्स सोलापुरी बोलीत असावी, आणि पुण्याची गायिका हुक पुण्याच्या मराठीत म्हणत असावी, असा माझा अंदाज आहे. बरोबर आहे का?

पूर्वविभागी

बाई, अगदी बरोबर आहे. मी ‘करलालो, येलालो’ असेच लिहिले आहे. ती ‘करतोय, येतोय’ म्हणते. तिच्या तोंडून ‘करलालो’ वदवून पाहिले, पण आम्हा दोघांनाही हसू आवरेना, म्हणून सोडून दिले.

निवृत्त_बाई

हसू आले ते बरेच झाले. तिला ते म्हणायला लावू नका, कारण उसनी बोली लगेच उघडी पडते. उलट त्या फरकाचाच उपयोग करा.

जरा मात्रा मोजून पाहू. ‘येलालो’ म्हणजे तीन गुरू, सहा मात्रा. ‘जालालो’ तसाच. ‘करलालो’ मध्ये दोन लघू आणि दोन गुरू, म्हणजे पुन्हा सहा. चार ठोक्यांच्या आठ मात्रा धरल्या तर प्रत्येक शब्द तीन ठोके व्यापतो आणि चौथा ठोका रिकामा राहतो. तिथे टाळी पडते. ‘येतोय’, ‘करतोय’ यांत शेवटी ‘य’ येतो आणि आवाज मिटत जातो. ‘लालो’ मध्ये तोंड उघडे राहते आणि शंभर माणसांनी एकदम म्हटले तरी शब्द फुटत नाही. (‘नाचलालो’ कागदावर सात मात्रांचा होतो, पण त्यातला ‘च’ आपण बोलताना अर्धा करतोच, तेव्हा तोही सहांत बसतो.) कानडीच्या शेजारामुळे आपल्या क्रियापदाला लागलेल्या या शेपटाला शाळेत आम्ही लाल रेघ मारत आलो. मीही मारली आहे. ठेक्यावर बसवायला ते इतके सोयीचे असेल, हे तेव्हा सुचले नव्हते.

म्हणून पाहुणीने पुण्याच्या मराठीत प्रश्न विचारावा आणि उत्तर तुम्ही एका शब्दात द्यावे. तिने विचारावे, ‘कुठे निघालास?’ तुम्ही म्हणावे, ‘जालालो!’ तिने विचारावे, ‘थांबणार कधी?’ तुम्ही म्हणावे, ‘नाचलालो!’ दुसऱ्या वेळी उत्तर तुम्ही देऊ नका, समोरचे देतील. मग ती पाहुणी का आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही. ती बाहेरून आली आहे आणि विचारते आहे, गावकरी उत्तर देत आहेत.

सबवूफर

बाई, मला यात एका अक्षराचीही भर घालायची नाही. मराठी शब्द क्लबच्या ठेक्यावर चालतात हे २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने दाखवलेच, पण तिथे ठेका हाउस या क्लबमधल्या नृत्यसंगीताचा होता. ९६ च्या वेगावर, चौथा ठोका टाळीला मोकळा ठेवून, प्रश्नोत्तराचा हुक करायचा म्हणजे डीजेच्या हातात आयता खेळ देणे आहे. दुसऱ्या उत्तराला मी आवाज बंद करीन आणि माइक लोकांकडे फिरवीन. फक्त एक करा : डीजेच्या प्रतीत त्या जागी तुमचे उत्तर रेकॉर्डच करू नका.

होम_मैदान

आणि कोणी उत्तर दिलेच नाही तर? पुण्याच्या क्लबमध्ये ‘जालालो’ कोणाला कळणार आहे?

सबवूफर

पहिल्यांदा तो स्वतः म्हणून दाखवणार आहे ना. क्लबमध्ये लोक स्पॅनिश ओरडतात, त्यांना ते तरी कुठे कळते?

पूर्वविभागी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ दिवस उत्तर दिले नाही, कारण मधल्या काळात एकेक गोष्ट करून पाहत होतो.

परवाना वाचला. ताईंनी सांगितले तसेच निघाले : नुसती एमपी३, श्रवणसंख्येला मर्यादा आणि कंटेंट आयडीला मनाई. निर्मात्याला लिहिले, त्याने फरक घेऊन सुटे ट्रॅक दिले. पट्टी ‘एफ’वरून ‘जी’वर नेली आहे. गायिकेला हे कळवले तेव्हा ती म्हणाली की आधीची पट्टी तिला खालच्या ओळींना त्रास देतच होती, पण गाणे माझे असल्यामुळे ती बोलली नव्हती. हे ऐकून मला जरा ओशाळायला झाले.

काकांच्या कारखान्यात जाऊन मागाचा आवाज घेतला. सगळे माग एकदम चालू असताना काहीच वेगळे ऐकू येत नाही, नुसता गदारोळ असतो, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकच माग चालवून घेतला. त्याचे ठोके मोजले तर मिनिटाला ११२ च्या आसपास भरले. तो ताणून ९६ वर आणला, तेव्हा माग दमल्यासारखा, चढण चढत असल्यासारखा वाटू लागला. त्यामुळे ताणण्याचा नाद सोडला. धोट्याचा एकेक ठोका सुटा कापला आणि बीटच्या वेगावर नव्याने मांडला. आता तो हलगीसारखा कडक लागतो. आठ बार तोच वाजतो आणि त्याच्या शेवटी व्हर्समधली एकच ओळ ठेवली आहे. होम_मैदान यांचेही मन मोडले नाही, असे समजतो. बाकीच्या पंधरा ओळी वहीत आहेत.

बाईंनी सुचवलेला प्रश्नोत्तराचा हुक लिहून गायिकेला पाठवला. तिने त्यात स्वतःचा एक प्रश्न घातला, तो माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे, म्हणून शब्दांच्या श्रेयात तिचे नाव जाईल आणि दोघांनाही मुख्य कलाकार म्हणून दाखवायचे ठरले आहे. कागदावर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिले. येत्या रविवारी ती पुन्हा रेकॉर्डिंगसाठी सोलापूरला येत आहे. तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे हे मात्र कागदात लिहायचे राहिले, आणि ती हुतात्मा एक्सप्रेसने येण्याऐवजी स्वतःची गाडी घेऊन येते म्हणते आहे, तेव्हा ते आधी फोनवर ठरवून घेतो.